आरएक्स 100 चा क्रँक: रॉड बदलून काम संपत नाही

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर उभं राहून मला बावीस वर्षं झाली. गेल्या महिन्यात मामांची 1989 ची यामाहा आरएक्स 100 मोटारसायकल खोलली, ती क्रँकसाठी, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणाऱ्या शाफ्टसाठी. गाडी चार पावसाळे गोठ्यात उभी होती. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-हवेचं मिश्रण क्रँककेसमधूनच, म्हणजे क्रँक फिरतो त्या पेटीतूनच वर जातं, त्यामुळे तिथे शिरलेला दमट वारा थेट बिग एंडच्या, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या रॉडच्या खालच्या टोकाच्या बेअरिंगपर्यंत पोचतो. बेअरिंगचे रोलर जिथे टेकून राहिले होते तिथे, रॉड ज्या पिनवर फिरतो त्या पिनवर, गंजाचे पट्टे उमटलेले. अशी पिन पॉलिश करून चालवायच्या भानगडीत पडू नका. रॉड, पिन, रोलर धरून ठेवणारी केज आणि दोन वॉशर असा पूर्ण किटच घ्या.

रॉड गेलाय का हे आधी बघा. रॉड सरळ वर-खाली ओढा, तसूभरही खेळ नको. आडवा थोडा हलणारच, तो फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, मोजून मॅन्युअलच्या आकड्याशी ताडून बघा.

क्रँक प्रेसखाली घेण्याआधी दोन कामं करा. पिनच्या दोन टोकांना बसलेल्या दोन्ही चकत्यांच्या कडेवर पट्टी धरून स्क्रायबरने आडवी रेघ मारा. मग चकत्यांच्या बाहेरून बाहेरपर्यंतची रुंदी व्हर्नियरने मोजून वहीत लिहा. माझ्या पहिल्या क्रँकला मी रेघ मारली नव्हती, आणि तो जुळवण्यात अख्खा रविवार गेला.

पिन काढताना आधार चकतीला पिनच्या अगदी जवळ द्या, नाहीतर चकती वाकते. नवी पिन बसवताना हाताला अंदाज हवा. ही पिन नुसत्या घट्टपणावर धरून असते, तिला ना चावी ना बोल्ट. प्रेसचा दांडा जेमतेम दाबल्यावर ती सरकन आत गेली, तर भोक मोठं झालंय असं समजा आणि ती चकती बाजूला ठेवा. काही जण अशा वेळी वेल्डिंगचा टिपका मारतात. मी मारत नाही. उष्णतेने चकती ओढली जाते, आणि पुढच्या वेळी क्रँक खोलताच येत नाही.

एका चकतीत पिन, मग वॉशर, केज, रॉड, दुसरा वॉशर. तेल लावून दुसरी चकती रेघेला रेघ जुळवत दाबा आणि वहीतल्या रुंदीवर थांबा.

आता खरं काम. क्रँक लेथच्या दोन सेंटरमध्ये धरा, दोन्ही बेअरिंगच्या जागी डायल गेज (बारीकसा फरकही सुईने दाखवणारं माप) लावा आणि हाताने सावकाश फिरवा. पिनला काटकोनात असताना एक सुई वर आणि दुसरी खाली गेली, तर क्रँकला पीळ आहे. क्रँक सेंटरमधून काढून हातात धरा आणि उंच आलेल्या बाजूच्या चकतीच्या कडेवर तांब्याच्या हातोडीने एकच ठोका द्या. पुन्हा मोजा. दोन्ही सुया पिनच्या रेषेत एकाच दिशेने हलल्या, तर चकत्या फाकल्यात किंवा मिटल्यात. पिनजवळची आणि पिनसमोरची फट व्हर्नियरने मोजली की कोणतं ते कळतं. पिनसमोर फाकल्या असतील तर तिथे व्हाइसमध्ये दाबायच्या, मिटल्या असतील तर पितळेची पाचर ठोकायची. सुईचा फरक 0.03 मिलीमीटरच्या आत आल्याशिवाय मी क्रँक खाली ठेवत नाही. मामांच्या क्रँकला अकरा ठोके लागले, दीड तास गेला. घाईच्या गिऱ्हाइकाला मी दुसऱ्या दिवशीच बोलावतो.

बसवताना क्रँककेस गरम करा आणि क्रँक अलगद सोडा. शाफ्टच्या टोकावर हातोडी पडली की केलेलं सगळं वाया जातं. शाफ्टच्या टोकावरचं मॅग्नेटचं चाकही पुलरनेच काढा. दोन्ही बाजूंचे ऑइल सील नवेच घाला. जुन्या सीलमधून हवा ओढली गेली की मिश्रण पातळ होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं, आणि पिस्टन जाम होतो.

इंजिनात आपोआप तेल सोडणाऱ्या ऑटोल्यूब पंपातली हवा काढायला विसरू नका. तरीही पहिल्या टाकीला मी लिटरमागे 20 मिली टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) तेल पेट्रोलमध्ये वेगळं घालतो. धूर होतो, मामा कुरकुरले, पण पंपाच्या नळीत तेल पोचेपर्यंत नव्या रोलरांना तेवढाच आधार असतो.