थंडीत ईव्हीची रेंज निम्म्यावर येते? या चुका टाळा

जानेवारी २०२४च्या मध्यावर शिकागो परिसरात पारा उणे २० अंश सेल्सिअसच्याही खाली उतरला. ओक ब्रूकसारख्या उपनगरांत चार्जिंग स्टेशनांवर टेस्ला गाड्यांच्या लांबच लांब रांगा लागल्या, काही गाड्या नंबर लागण्याआधीच बंद पडल्या आणि टो करून न्याव्या लागल्या. टीव्हीवर ते पाहिलेल्या अनेकांनी ठरवून टाकलं की बर्फाच्या प्रदेशात ईव्ही घ्यायचीच नाही. पण त्याच वर्षी नॉर्वेत विकल्या गेलेल्या दर दहा नव्या गाड्यांपैकी जवळपास नऊ इलेक्ट्रिक होत्या. तिथे चार्जर जागोजागी आहेत, घरी चार्जिंगची सोय आहे आणि हिवाळ्यात गाडी कशी वापरायची हे लोकांच्या अंगवळणी पडलंय. चार्जरचं जाळं आपल्या हातात नाही. सवयी मात्र आहेत.

पुण्या-मुंबईत गाडी शिकून टोरोंटो, शिकागो किंवा मिनियापोलिसला आलेल्यांसाठी तर हे सगळंच नवं असतं. आपल्याकडे हीटरचं बटण कोणी फारसं दाबत नाही. एसी रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये कापता येणारं अंतर, खातो, पण बाहेर ३८ अंश असताना गाडी २४ अंशांवर आणायची म्हणजे १४ अंशांचं काम. बाहेर उणे १५ असताना आत २१ हवे असतील, तर काम ३६ अंशांचं होतं. पेट्रोल गाडीत ही ऊब फुकट मिळते, कारण इंजिन जाळलेल्या इंधनातली बरीचशी ऊर्जा उष्णता म्हणून वायाच घालवत असतं. ईव्हीच्या मोटरला तशी उधळपट्टी जमत नाही, त्यामुळे उबेसाठी लागणारा प्रत्येक युनिट बॅटरीतूनच काढावा लागतो.

अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संस्थेने २०१९ साली पाच ईव्हींची चाचणी घेतली होती. उणे ७ अंशांत हीटर बंद ठेवून रेंज सरासरी १२ टक्के घटली, हीटर लावल्यावर ४१ टक्के. म्हणजे मोठा वाटा केबिन गरम करण्याचा आहे. आज अनेक गाड्यांत हीट पंप असतो. तो बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत आणतो आणि साध्या हीटरपेक्षा कमी वीज घेतो, त्यामुळे घट बहुधा इतकी होत नाही. पण कडाक्याच्या थंडीत हीट पंपाचा फायदाही ओसरतो, हे लक्षात ठेवा.

प्लग काढून मग गाडी गरम करणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. निघण्याआधी गाडी भिंतीच्या विजेवर गरम झाली पाहिजे, बॅटरीच्या नाही. ॲपमध्ये निघण्याची वेळ टाकून ठेवा. चार्जिंग साधारण त्याच सुमाराला संपेल आणि केबिनही तयार असेल असं वेळापत्रक लावा. चार्जिंगने बॅटरी स्वतःही थोडी तापते आणि निघताना त्याचा उपयोग होतो. रात्री ११ वाजता चार्ज पूर्ण होऊन गाडी सकाळपर्यंत उणे २० मध्ये तशीच उभी राहिली, तर पडद्यावर टक्के तेवढेच दिसतात, पण बॅटरी पुन्हा गारठलेली असते.

घरात साधा १२० व्होल्टचाच प्लग असेल, तर त्यातून जेमतेम १.४ किलोवॅट मिळतात. कडक थंडीत त्यातला बराचसा भाग, कधी सगळाच, बॅटरी उबदार ठेवण्यात जातो आणि रात्रभर लावूनही टक्का हलत नाही. लोक चार्जर बिघडला समजून दुसरा मागवतात. गॅरेज बंद ठेवणं आणि गाडी घरी येताच, बॅटरी गरम असतानाच, प्लग लावणं याने थोडं साधतं. खरा उपाय म्हणजे २४० व्होल्टचं कनेक्शन. थंड प्रदेशात ईव्ही घेणार असाल, तर गाडीच्या रंगाआधी याचा विचार करा.

गारठलेली बॅटरी घेऊन फास्ट चार्जरवर जाणं

शिकागोत ज्या रांगा लागल्या, त्यात हे एक मोठं कारण होतं. थंडीत बॅटरीच्या पेशींमधला इलेक्ट्रोलाइट, म्हणजे आयन वाहून नेणारा द्रव, दाटतो, जसं आपल्याकडे थंडीत खोबरेल तेल घट्ट होतं, आणि आयनांची ये-जा मंदावते. अशा वेळी जोरात वीज ढकलली तर लिथियम ॲनोडच्या (पेशीतल्या ऋण टोकाच्या) आत न शिरता त्याच्या पृष्ठभागावर धातू होऊन साचतं. हे नुकसान कायमचं असतं. म्हणून गाडी स्वतःच वेग आवळते. दीडशे किलोवॅटच्या चार्जरवर तीस-चाळीस किलोवॅट दिसतात, प्रत्येक जण दुप्पट वेळ अडकतो आणि मागची रांग वाढत जाते.

याला उपाय आहे. चार्जरचा पत्ता फोनच्या नकाशात न टाकता गाडीच्या नेव्हिगेशनमध्ये टाका. बऱ्याच नव्या गाड्या तो पत्ता पाहून वाटेतच बॅटरी तापवायला घेतात. काही गाड्यांत त्यासाठी वेगळं बटण असतं, ते आधीच शोधून ठेवा. कडक थंडीत हे काम दहा मिनिटांत होत नाही, अर्धा-पाऊण तास धरा. शिवाय प्रवासात चार्ज करायचं असेल तर मुक्कामाला पोहोचल्यावर लगेच करा, दुसऱ्या दिवशी सकाळी नाही.

चार्ज फार कमी उरला, तर अनेक गाड्या बॅटरी तापवायचंच नाकारतात. त्यामुळे उन्हाळ्यात १० टक्क्यांपर्यंत निर्धास्त चालवणाऱ्यांनी हिवाळ्यात २०-२५ टक्क्यांवरच चार्जर गाठावा. बंद पडलेला किंवा दुसऱ्या गाड्यांनी अडवलेला चार्जर लागला, तर पुढच्या चार्जरपर्यंत पोहोचता आलं पाहिजे.

छोट्या फेऱ्यांची रेंज पाहून घाबरणं

मुलांना शाळेत सोडलं, परत आलो, मग किराणा, मग लायब्ररी. प्रत्येक वेळी गाडी थंड होते आणि हीटर शून्यापासून सुरू करतो. सुरुवातीची दहा मिनिटं तो ५ किलोवॅट घेत असेल, तर त्यातच ०.८ युनिट जातो. सहा किलोमीटरच्या फेरीला चालण्यासाठी लागते साधारण १.१ युनिट. खर्च पावणेदोन पट झाला, पण यात बिघाड काहीही नाही. हायवेवर ऊब टिकवायला दीड-दोन किलोवॅट पुरतात, त्यामुळे सरासरी सुधारते. शहरातली कामं शक्य तर एका फेरीत उरका.

सीट आणि स्टिअरिंगचे हीटर मिळून शे-दोनशे वॅटच घेतात. ते लावा आणि केबिनचं तापमान दोन-तीन अंश खाली आणा. पण हीटर पूर्ण बंद करून मुलाबाळांसह कुडकुडत जाणं आणि काचांवर वाफ धरू देणं हा वाचवण्याचा मार्ग नव्हे. दिसेनासं झालेल्या काचेमागून गाडी चालवणं धोक्याचं आहे. बर्फात वाहतूक अडकेल याची भीती असेल तर हिशेब करा. ६० युनिटची बॅटरी अर्धी भरलेली असली तरी दोन किलोवॅटने पंधरा तास ऊब मिळू शकते.

काही बारीक गोष्टी. तापमान दर साडेपाच अंशांनी उतरलं की टायरचा दाब साधारण १ पीएसआय घटतो, तो महिन्यातून एकदा तपासा. छतावरचं बर्फ झाडून निघा. उभ्या गाडीवर कॅमेऱ्याने पहारा ठेवणारी सोय घराच्या गॅरेजमध्ये बंद ठेवा. ती दोन-अडीचशे वॅट खात असेल तर दिवसाला पाच-सहा युनिट उडतात. सकाळी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलल्यावर गाडी नेहमीसारखी आपोआप मंदावली नाही, तर थंड बॅटरी रीजनची, म्हणजे वेग कमी होताना मोटरने परत बनवलेली, वीज घेत नाहीये एवढंच. अशा वेळी पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवा.

बॅटरी खराब झाली समजून सर्व्हिस सेंटर गाठणं

थंडीतली घट बॅटरीच्या झिजेची नसते. जानेवारीत मिळणाऱ्या किलोमीटरवरून बॅटरीच्या आयुष्याचा निष्कर्ष काढू नका. तुलना करायची तर मे महिन्यात, त्याच रस्त्यावर, मागच्या मे महिन्याशी करा. सर्व्हिस सेंटरला जावं असं खरं लक्षण वेगळं असतं. अर्धा-पाऊण तास हायवेवर चालवून, बॅटरी तापवूनही फास्ट चार्जरवर वेग वाढतच नसेल आणि दुसऱ्या स्टेशनवरही तेच घडत असेल, किंवा हीटर चालू असून हवा गारच येत असेल, तर गाडी दाखवा. जाताना बाहेरचं तापमान, चार्जचे टक्के आणि चार्जरवर दिसलेले किलोवॅट यांचे फोटो सोबत न्या.