कोल्हापुरातील कनिष्ठ महाविद्यालयांमधील पुरुष शिक्षकांच्या संख्येचा कल कसा तपासावा

अकरावी-बारावीला शिकवणाऱ्या पुरुष शिक्षकांची संख्या खरोखर घटते आहे का, हे पाहायचे असेल तर प्रथम यू-डायस प्लसची, म्हणजे शाळांची माहिती गोळा करणाऱ्या केंद्र सरकारच्या प्रणालीची, वर्षनिहाय आकडेवारी घ्यावी. ही पद्धत २०१८-१९ पासून लागू आहे. मात्र २०२२-२३ पासून विद्यार्थ्यांची नोंद व्यक्तिनिहाय होऊ लागल्याने आधीच्या वर्षांशी, विशेषतः शिक्षक-विद्यार्थी प्रमाणाची, थेट तुलना टाळावी.

संख्या आणि वाटा या दोन गोष्टी वेगळ्या मांडाव्यात, कारण बहुतेक चुका इथेच होतात. समजा, एखाद्या तालुक्यात ६० शिक्षकांपैकी ४० पुरुष होते आणि काही वर्षांनी ७५ पैकी ४२ झाले. तर पुरुष दोनने वाढले, पण त्यांचा वाटा ६७ टक्क्यांवरून ५६ टक्क्यांवर आला.

जिल्ह्याची एकच बेरीज करू नये. कोल्हापूर शहर असलेला मोठा करवीर आणि छोटा गगनबावडा हे तालुके एका सरासरीत घातले, की गगनबावड्याचे चित्र पुसलेच जाते. म्हणून बाराही तालुके स्वतंत्र ठेवावेत. तासिका तत्त्वावरील (तासाप्रमाणे मानधन घेणाऱ्या) शिक्षकांचा रकाना वेगळा करावा, हा माझा आग्रह आहे: निवृत्त झालेल्या कायम शिक्षकाची जागा त्यांनी भरली, तर एकूण आकडा तसाच दिसतो आणि रिक्त पद झाकले जाते.