अर्ध्यावर आलेलं पॅनल आणि एक डायोड

सौरऊर्जेचं वेड मला शाळेपासून. १९५४ साली बेल लॅबमध्ये सिलिकॉनचा सौरघट तयार झाला हे वाचलं आणि तेव्हापासून हा नाद सुटलेला नाही. त्यामुळे माझं जुनं बारा व्होल्टचं पॅनल बॅटरी चार्ज करेना, तेव्हा ते बदलून टाकायचं मनातही आलं नाही.

काच स्वच्छ, वायरी घट्ट, सावली कुठेच नाही. भर उन्हात पॅनल सुटं करून मल्टिमीटर लावला. ३६ घटांच्या पॅनलला मोकळ्या टोकांवर साधारण २१ व्होल्ट यायला हवेत, आले साडेदहा. बरोबर निम्मे! इथेच खरा धागा हाती लागला. अशा पॅनलमध्ये बहुधा दोन बायपास डायोड (करंटला एकाच दिशेने जाऊ देणारे छोटे भाग) असतात, प्रत्येक १८ घटांना एक. सावली पडली की करंट त्या घटांना वळसा घालून जावा, म्हणून ते असतात. त्यातला एक शॉर्ट झाला, म्हणजे करंटला दोन्ही दिशांनी सरळ जाऊ देऊ लागला, की तो बदलेपर्यंत त्याचे चांगले घटही बाद.

पॅनलवर जाड कापड टाकलं (उजेडात ते वीज देतच राहतं, हे विसरू नये) आणि मागचा जंक्शन बॉक्स उघडला. डायोडचा एक पाय सोडवून तपासला, तर मीटर दोन्ही दिशांना वाजला. त्याच क्षमतेचा शॉट्की डायोड (कमी व्होल्टेज खाणारा प्रकार), त्यावरच्या पट्टीची बाजू धन टोकाकडे ठेवून, डाखला. झाकणाचं रबर नीट बसवलं, कारण आत ओल गेली की गंज ठरलेला.

कापड काढलं: २०.८ व्होल्ट. इतका आनंद नव्या पॅनलनेही दिला नसता.