शून्य नंबरच्या पावत्या

बीएस्सी कॉम्प्युटर झाल्यावर जळगावात एका छोट्या ऑफिसात लागले. केळी व्यापाऱ्यांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर. सावदा-रावेरकडे केळीची गाडी काट्यावर आली की वजन भरायचं, पावती निघायची. मागे मायएसक्यूएल हा डेटाबेस.

दुसऱ्याच महिन्यात सरांनी पावत्यांच्या टेबलात एक बदल सांगितला. "आधी कॉपी काढून ठेव." मी क्रिएट टेबल ॲज सिलेक्ट, म्हणजे निवडलेल्या ओळींचं नवं टेबल बनवणारी आज्ञा, मारलं, ओळी मोजल्या, जुळल्या. मग माझाच अपडेट चुकला. घाबरले नाही, कॉपी होती ना! मूळ टेबल बाजूला केलं, कॉपीला त्याचं नाव दिलं आणि चहाला गेले.

संध्याकाळी काट्यावरून फोन. "ताई, सगळ्या पावत्यांवर शून्य नंबर येऊ राहिला ना!" तोवर मुनीमजींनी एका शेतकऱ्याचं वजन दुरुस्त केलं होतं, आणि शून्य नंबरच्या सगळ्याच पावत्यांवर तेच वजन चढलं होतं.

सर काही बोलले नाहीत. टेबलाची रचना दाखवणारं शो क्रिएट टेबल दोन्ही टेबलांवर चालवलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. जुन्यात आयडीपुढे, म्हणजे पावती नंबरापुढे, ऑटो इन्क्रिमेंट (पुढचा नंबर आपोआप देणारं), खाली प्रायमरी की (एक नंबर दोनदा येऊ न देणारी), शोध पटकन लागावा म्हणून दोन इंडेक्स. माझ्या कॉपीत आयडीपुढे नुसतं डिफॉल्ट शून्य, खाली काहीच नाही. प्रायमरी कीच नाही म्हटल्यावर दहा पावत्या शून्य नंबरच्या झाल्या तरी डेटाबेस कशाला कुरकुरेल? त्या रात्री कार्बनच्या पावत्या समोर घेऊन एकेक वजन पुन्हा भरलं.

तेव्हापासून मायएसक्यूएलमध्ये आधी क्रिएट टेबल लाइकने रिकामी रचना, मग इन्सर्ट इनटू सिलेक्टने ओळी. लाइकने इंडेक्स आणि ऑटो इन्क्रिमेंट येतात, फॉरेन की (दुसऱ्या टेबलाशी जोडणाऱ्या) मात्र येत नाहीत, त्या हाताने लावायच्या. ट्रिगरही, म्हणजे ओळ भरली-बदलली की आपोआप चालणारे आदेश, तसेच. एसक्यूएल सर्व्हर या दुसऱ्या डेटाबेसचं सिलेक्ट इनटू आयडेंटिटी (तिथलं आपोआप नंबर देणं) आणतं, पण इंडेक्स आणि कन्स्ट्रेंट (प्रायमरी कीसारखे नियम) आणत नाही. पोस्टग्रेस या तिसऱ्या डेटाबेसची गंमत वेगळीच: लाइक इन्क्लूडिंग ऑलने सिरियल कॉलमची (आपोआप नंबर भरणाऱ्या रकान्याची) कॉपी केली, तर दोन्ही टेबलं एकाच सिक्वेन्समधून, म्हणजे एकाच नंबर-मोजणीतून, नंबर उचलतात. मग चाचणीच्या टेबलात भरलेल्या ओळींमुळे खऱ्या पावत्यांचे नंबर मधूनच उडतात, आणि हिशेबनीस विचारतो, मधल्या पावत्या कुठे गेल्या?

इंटरव्ह्यूत हमखास विचारतात: डेटा नको, नुसता सांगाडा हवा, तर? त्याच क्रिएट टेबल ॲज सिलेक्टला वेअर एक बरोबर शून्य ही अट लावायची. एकही ओळ अट पाळत नाही, म्हणून रिकामं टेबल मिळतं. पोरं इथेच थांबतात. त्या सांगाड्यात प्रायमरी की, इंडेक्स आले का, हा पुढचा प्रश्न मी आता उमेदवारांना विचारते. बहुतेक जण वर छताकडे बघतात.

आणि चालू टेबलाची कॉपी काढत असाल तर आधी काट्यावर फोन करा. कॉपी निघाल्यापासून नाव बदलेपर्यंत आलेल्या गाड्या जुन्याच टेबलात राहतात. आम्ही आता हे काम पहाटे करतो, पहिली गाडी लागायच्या आत.