सायनोटाइप करायचंय पण विषय सुचत नाही? सावली बघा

"काय फोटो काढू, रोज तेच रस्ते, तीच घरं" असं वाटून राहिलं असेल तर काही दिवस सायनोटाइप करून बघा, म्हणजे रसायन लावलेल्या कागदावर वस्तू किंवा निगेटिव्ह ठेवून उन्हाने निळा फोटो छापायचा. या कागदाला फक्त एवढंच कळतं की ऊन कुठे आरपार गेलं अन् कुठे अडलं, त्यामुळे आपलीही नजर तशीच होते. सकाळी गच्चीवर गेलं की ग्रीलची सावली दिसते, सायकलच्या स्पोकची दिसते, अन् कूलरच्या जुन्या ताटीतला चिमूटभर वाळा कागदावर विस्कटून ठेवला तर इतक्या बारीक रेषा येतात की पेनाने काढता येणार नाहीत.

कॅमेरा नसला तरी चालतं बरं का. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने 1842 मध्ये ही पद्धत शोधली अन् 1843 पासून इंग्रज वनस्पतीशास्त्रज्ञ अ‍ॅना अ‍ॅटकिन्सने थेट शेवाळच कागदावर ठेवून आख्खं पुस्तक तयार केलं. आपल्याकडे नागपुरात सेमिनरी हिल्स, महाराजबाग आहेच. कडुनिंबाचं एकच पान घेऊन नीट बघा, कडेला करवतीसारखे दाते असतात अन् देठापाशी दोन्ही बाजू सारख्या नसतात, प्रिंटमध्ये हे सगळं येतं. पिंपळाच्या पानाची जाळी तर सोडूच नका. ताजं पान काचेखाली घामेजतं अन् डाग पडतात, म्हणून आधी एक रात्र पेपरात दाबून ठेवायचं.

कृती अशी. 100 मिली डिस्टिल्ड पाण्यात 25 ग्रॅम हिरवं फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसऱ्या 100 मिलीत 10 ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड, दोन्ही वेगळ्या गडद बाटल्यांत ठेवा अन् लागेल तेवढंच समसमान मिसळा. हातमोजे घाला, स्वयंपाकघरातली भांडी अजिबात वापरू नका, अन् फेरिसायनाइडजवळ टॉयलेट क्लीनरसारखं कडक अ‍ॅसिड नेऊच नका, विषारी वायू होऊ शकतो. जाड वॉटरकलर पेपरवर स्पंजने पातळ थर द्या, अंधारात वाळवा. इतवारी, महालातल्या जुन्या वाड्यांचे, सज्जांचे मोबाइलवर काढलेले फोटो असतील तर निगेटिव्ह करून पारदर्शक शीटवर प्रिंट काढा, पण जेवढी निगेटिव्ह तेवढाच फोटो येतो हे लक्षात ठेवा.

वाळलेल्या कागदावर पान किंवा निगेटिव्ह ठेवून, वर काच ठेवून उन्हात ठेवायचं. किती वेळ? ते ऊन सांगेल, नवतपातलं (मे अखेरच्या कडक नऊ दिवसांतलं) वेगळं अन् डिसेंबरचं वेगळं, म्हणून आधी एका पट्टीवर टेस्ट कराच. उघडा भाग हिरवट पिवळ्यावरून निळा होऊन राखाडी दिसू लागला की उचला. मग पाणी पिवळं निघायचं थांबेपर्यंत धुवा. बोअरचं पाणी असेल तर पहिल्या पाण्यात थोडं व्हिनेगर टाका, कारण क्षारीय पाण्यात निळा फिका पडतो. सुरुवातीला फिकट दिसलं म्हणून नाराज होऊ नका, सावलीत वाळवा, दिवसभरात निळा गडद होत जातो.