लाइन गेली तरी भाड्याच्या जीपीयूवरचं काम थांबू नये म्हणून

तान्ह्या पोळ्याच्या फ्लेक्ससाठी एआय चित्रं काढायची तर महागडा कॉम्प्युटर घ्यायची गरज नाही, क्लाउड जीपीयू, म्हणजे दूरच्या सर्व्हरमधलं ग्राफिक्स कार्ड, तासाच्या भाड्यानं मिळतो. एसडीएक्सएल या चित्रं काढणाऱ्या एआय मॉडेलला १२ ते १६ जीबी व्हीरॅम (जीपीयूची मेमरी) पुरते. २४ जीबीच्या वर जाऊ नका, पैसे वाया जातात.

मॉडेलची फाइल जवळपास ७ जीबीची. ती हॉटस्पॉटवर उतरवून परत सर्व्हरवर चढवत बसू नका. सर्व्हरच्या टर्मिनलमध्येच डब्ल्यूगेट या फाइल उतरवणाऱ्या कमांडला लिंक द्या, तुमचा डेटा लागत नाही.

आपल्याकडचा खरा त्रास लाइनचा. ऐन मधात वीज जाते, वायफाय बंद पडतं, एसएसएच, म्हणजे सर्व्हरशी असलेली जोडणी, तुटते आणि तिच्यातून सुरू केलेलं कम्फीयूआय (मॉडेलकडून चित्रं काढून घ्यायचा प्रोग्रॅम) हेही बंद होतं. म्हणून लॉगिन झाल्यावर आधी टीमक्स (जोडणी तुटली तरी सर्व्हरवरचं काम चालू ठेवणारा प्रोग्रॅम) सुरू करा आणि त्याच्या आत कम्फीयूआय. रांगेत लावलेली चित्रं तुम्ही नसतानाही निघत राहतात. लाइन आली की टीमक्स पुन्हा अटॅच करायचं. कम्फीयूआय ज्यावर उघडतं तो ८१८८ पोर्ट मात्र सगळ्या इंटरनेटला उघडा टाकू नका, एसएसएच टनेलमधूनच (एसएसएचच्या सुरक्षित वाटेनं) बघा. नाहीतर भाडं तुमचं आणि चित्रं भलत्याचीच!

गावात अंधार असला तरी तिकडं मीटर फिरतंच. म्हणून भाड्याच्या खात्यात मोबाइलवरही लॉगिन करून ठेवा, वावरातूनही सर्व्हर बंद करता येतो. ‘स्टॉप’ केल्यावर जीपीयूचं भाडं थांबतं, डिस्कचं बहुतेक ठिकाणी चालूच राहतं. काम पुरतं संपलं असेल तर चित्रं उतरवून घ्या आणि सर्व्हर डिलीटच करा.

आणि हो, फ्लेक्सवरची मराठी अक्षरं एसडीएक्सएलकडून काढून घेऊ नका. ती फोटोशॉपमध्येच टाका.