पदकविजेत्या घोडेस्वाराचे चरित्र कसे लिहावे

युद्धात शौर्यपदक मिळवलेल्या घोडेस्वाराचे चरित्र लिहिताना जन्मगावापासून आरंभ करण्याचा मोह आवरावा आणि आधी पदकाचे प्रशस्तिपत्र समोर घ्यावे. कारण बहुतेकदा तेवढाच कागद त्या माणसाविषयी नेमके बोलतो. मारवाडातील लान्स दफेदार (घोडदळातला एक कनिष्ठ हुद्दा) गोबिंद सिंह यांचे उदाहरण घेऊ. फ्रान्समधील कँब्रेच्या लढाईत, 1 डिसेंबर 1917 रोजी, रेजिमेंट आणि ब्रिगेड मुख्यालय यांच्यामधले दीड मैलाचे उघडे मैदान, शत्रूच्या डोळ्यांदेखत आणि भडिमारात, निरोप पोहोचवण्यासाठी त्यांनी स्वतःहून तीनदा ओलांडले. तिन्ही वेळा त्यांचा घोडा गोळीबारात पडला, उरलेली वाट त्यांनी पायी काटली आणि निरोप पोहोचवला. या कामगिरीसाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

त्यानंतर पलटणीचा शोध घ्यावा. गोबिंद सिंह मूळचे 28 व्या लाइट कॅव्हलरीचे, पण लढले ते 2 ऱ्या लान्सर्स या घोडदळाच्या रेजिमेंटमध्ये. त्यामुळे त्या दिवसाची हकिकत मूळ रेजिमेंटच्या दप्तरात शोधणारा रिकाम्या हाताने परततो. शिवाय 1922 च्या पुनर्रचनेत 28 वी लाइट कॅव्हलरी 7 वी झाली, म्हणून जुने आणि नवे दोन्ही क्रमांक टिपून ठेवावेत. नावही 'गोबिंद' आणि 'गोविंद' असे दोन्ही प्रकारे शोधावे.

घोडा कोणाचा होता, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. शिलेदार आणि बारगीर यांतला फरक मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. इंग्रजांच्या हिंदी घोडदळातही पहिल्या महायुद्धापर्यंत बहुतेक रेजिमेंटी शिलेदारी पद्धतीच्या होत्या आणि त्यांतल्या स्वाराला घोड्याची तजवीज स्वतःच्या पैशातून करावी लागे. परंतु मद्रासकडच्या 26, 27 आणि 28 या तीन रेजिमेंटी त्याला अपवाद होत्या. स्वाराच्या भरतीपासून घरच्या ऐपतीपर्यंतचे बरेच काही या एका तपशिलातून उलगडते, म्हणून त्याला चरित्रात ऐसपैस जागा द्यावी.

स्वाराच्या मनात काय चालले होते, हे कल्पनेने भरू नये. प्रशस्तिपत्रात नसलेले संवाद तर मुळीच घालू नयेत. प्रत्यक्ष पदक पाहायला मिळाले, तर ते उलटून पाहावे: व्हिक्टोरिया क्रॉसच्या मागे, वरच्या पट्टीवर स्वाराचे नाव व पलटण आणि मधल्या वर्तुळात पराक्रमाची तारीख कोरलेली असते. ती आपल्या मजकुराशी ताडून घ्यावी.